पांढरं जातंय म्हणून किट मागण्याआधी

डिचोलीत माझी फार्मसी आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की एखादी वहिनी काउंटरला खेटून उभी राहते. "ते तीन गोळ्यांचं किट दे गे, मागच्या वेळचंच."

चिठ्ठीशिवाय मी देत नाही. त्या किटात अझिथ्रोमायसिन, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल अशी वेगवेगळ्या आजारांवरची औषधं असतात. नेमकं दुखणं कळल्याशिवाय ती घेतली, की कच्चे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरून वाढतात.

आधी अंगावरून काय जातंय ते बघा. फुटलेल्या दह्यासारखं, वास नाही पण खाज जीव घेते, तर बहुधा बुरशी. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट योनीतले राखणदार चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, मरतात नि बुरशीला मोकळं रान मिळतं. पातळ, राखाडी, संबंधानंतर मासळीसारखा वास, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडून होणारा आजार. पिवळट-हिरवं, फेसाळ असेल तर संबंधातून पसरणारा ट्रायकोमोनास हा परजीवी असू शकतो. तेव्हा नवऱ्यालाही औषध लागतं. पण नुसत्या बघण्यावर विसंबू नका, लक्षणं एकमेकांत मिसळतात.

तपासणीला पाळी नसताना जा. आदल्या दिवसापासून आत पाणी मारू नका, क्रीम लावू नका, संबंध टाळा. डॉक्टर स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, योनीतला आंबटपणा दाखवणारा पीएच मोजतात. व्हजायनोसिसमध्ये आंबटपणा घटतो नि पीएच 4.5 च्या वर जातो. आधी घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत टाकून न्या. लाजू नका, त्यावरूनच डॉक्टर पुढचं औषध ठरवतात.

व्हजायनोसिसवर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सात दिवस लिहिलं तर सातही दिवस घ्या. इथंच बायका चुकतात. दोन-तीन दिवसांत वास कमी झाला की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात, मग त्याच जावेला दिल्या जातात. व्हजायनोसिसमधला गार्डनेरेला हा जंतू योनीच्या आतल्या भिंतीवर चिकट थर धरून बसतो, थराखालच्यांपर्यंत औषध नीट पोचत नाही. त्याच्या काही जाती मेट्रोनिडाझोलला दादही देत नाहीत. म्हणून आजार पुन्हा उलटला तर जुनी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. डॉक्टरनं क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक क्रीम दिलं तर एक लक्षात ठेवा, त्यातल्या तेलानं कंडोम कमजोर होतो.

व्हजायनोसिस सारखं उलटत असेल तर नवऱ्याच्या उपचाराचंही विचारा. 2025 साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. नवऱ्यांनाही गोळ्या नि क्रीम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत 35 टक्के बायकांना आजार परतला. एकट्या बाईवर उपचार केले तिथं 63 टक्क्यांना. हे वाचल्यापासून मी नवऱ्यांनाही काउंटरवर बोलावते.

दिवस गेले असतील, ताप असेल किंवा ओटीपोटात कळा येत असतील तर घरी थांबू नका. त्याच दिवशी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जा.