जुन्या धुराड्याला नवी बंद चूल जोडताय? आधी धुराडं तपासा

सोलापुरात दक्षिण कसब्यात आमचं जुनं माळवदाचं घर आहे, तिथं काकू कडक भाकरी करून विकते. उघड्या चुलीपुढं बसून तिचा खोकला काही थांबेना म्हणून आम्ही दार असलेली, मागून ६ इंची पाइप निघणारी लोखंडी चूल बनवून घेतली आणि आजोबांच्या वेळच्या विटांच्या धुराड्याला जोडली. पहिल्याच दिवशी सगळा धूर घरात. चूल चांगली होती, जोडणी चुकली होती. मग सगळं काढून परत बसवलं, त्यात जे शिकलो ते सविस्तर लिहितेय कारण जुन्या पेठांमधे अशी धुराडी अजून बरीच आहेत.

पहिलं काम धुराड्याचं. खालच्या भोकातून मोबाईल आत घालून फ्लॅश लावून व्हिडिओ काढा, सगळं दिसतं. आमच्यात पारव्यांच्या घरट्याच्या काटक्याच दीड बादली निघाल्या. काजळी भुसभुशीत असेल तर पोत्यात थोडी वाळू भरून दोरीनं वरखाली ओढली की पडते, पण डांबरासारखी चकचकीत, चिकटलेली असेल तर ती खरवडून काढायलाच पाहिजे, कारण ती आतल्या आत पेटते आणि तेव्हा आच हजार अंशांच्या वर जाऊ शकते, आणि माळवदाच्या घरात शेजारीच लाकडी तुळया असतात हे विसरू नका.

साफ झालं की धुराची टेस्ट घ्या. खाली थोडा ओलसर कडबा पेटवायचा आणि एकानं वर जाऊन धुराड्याच्या तोंडावर ओलं गोणपाट टाकायचं, मग घरात फिरून बघायचं धूर कुठून येतोय. आमच्याकडं तुळईच्या अगदी शेजारी, गिलाव्याच्या चिरेतून दोऱ्याएवढा धूर येत होता. तिथला जुना चुना झडून विटांचे सांधे मोकळे झाले होते. बाहेरून नुसता गिलावा करून भागत नाही, फट आतून तशीच राहते.

आता माप, इथंच बहुतेक जण फसतात. ६ इंची पाइपचं तोंड साधारण २८ चौरस इंच. धुराड्याची पोकळी त्याच्या तिपटीपर्यंत चालते, म्हणजे ९ बाय ९ ला हरकत नाही. आमचं १४ बाय १४, १९६ चौरस इंच, जवळपास सातपट! एवढ्या मोठ्या पोकळीत धूर पसरतो, गार होतो, वर चढायचा जोर संपतो आणि काजळीही जास्त धरते. जुन्या उघड्या चुलीला ते रुंद धुराडं बरोबर होतं, बंद चुलीला नाही. म्हणून आम्ही वरपासून खालपर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलची नळी सोडली आणि भोवती रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरलं, त्यानं मोकळ्या सांध्यांचाही प्रश्न सुटला. खर्च झाला पण हा टाळू नका असंच सांगेन.

जोडणीत आमची चूक अशी की पाइप धुराड्यात ८ इंच आत गेला होता आणि समोरच्या भिंतीला टेकला होता. वेल्डिंगवाला म्हणाला होता, "ताई, जेवढा आत जाईल तेवढा घट्ट बसतोय बघा." आम्हाला पण पटलं. पण पाइपचं तोंडच बंद झालं तर धूर जाणार कुठून? पाइप आतल्या कडेशी बरोबर संपला पाहिजे, आणि नळी टाकली असेल तर तिला टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावून जोडा, टीच्या खाली काढता येणारं झाकण ठेवा म्हणजे काजळी काढता येते.

पाइप काळ्या लोखंडाचा घ्या, २ मिमी जाड. जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा नको, ते जस्त तापून वाईट धूर सोडतं. जुन्या निर्धूर चुलींना असायचा तसला ॲस्बेस्टॉसचा तर अजिबात नको, तो तडकतो आणि कापताना उडणारी धूळ छातीला घातक. आडवा भाग आखूड ठेवा, चुलीपासून धुराड्याकडं फुटाला पाव इंच चढ, काटकोनी वळणं दोनच्या वर नकोत. सांध्यात पाइपचं निमुळतं टोक चुलीच्या दिशेनं ठेवायचं, म्हणजे आत सुटलेलं काळं पाणी बाहेर न गळता चुलीतच जातं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. भिंतीतली फट साध्या सिमेंटनं नाही, फायर सिमेंटनं (आच सोसणाऱ्या सिमेंटनं) बुजवा. पाइप कुठल्याही लाकडापासून दीड फूट लांब. चुलीखाली विटांचा थर द्या, शहाबादी फरशी थेट आचेनं तडकते.

त्याच धुराड्याला पाण्याचा बंब जोडायचा मोह होतो, नका जोडू, एका धुराड्याला एकच चूल. जुन्या चुलीचं भोक विटांनी बंद करा नाहीतर तिथून गार हवा आत ओढली जाते.

वरचं टोक छतापासून निदान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल, म्हणजे पाण्याची टाकी, शेजाऱ्यांचा नवा मजला, त्याच्यापेक्षा २ फूट उंच. आम्हाला शेजारच्या जिन्याच्या खोलीमुळं ४ फूट वाढवायला लागलं. वर टोपी बसवा, जाळी लावा, पारवे परत येतात.

मे महिन्यातल्या दुपारी एक अडचण येते. बाहेर ४२ अंश आणि जाड भिंतीतलं धुराडं आतून गार, त्यामुळं हवा उलटी खाली येते. चुलीच्या दाराशी उदबत्ती धरा, धूर आत ओढला जात असेल तर पेटवा, बाहेर येत असेल तर टीच्या झाकणातून एक कागद पेटवून आत धरायचा, दोन मिनिटांत ओढ लागते.

लाकूड वाळलेलंच वापरा. वखारीतून आणलेली ओली बाभूळ सहा महिने तरी आडोशाला, हवेशीर रचून ठेवा. आणि थंडीत दारंखिडक्या गच्च लावून चूल चालवू नका, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्याचा अलार्म ऑनलाइन मिळतो तो घ्याच.

आता दर अमावस्येला टीचं झाकण उघडतो, बोटानं खरवडून बघतो, थर ३ मिमी झाला की साफ करतो. काकू त्या दिवशी भाकरी उशिरा लावते.