भाडेवाढीची चिठ्ठी आली? आधी पेन काढा

नागपुरात महाल भागातल्या जुन्या वाड्यात आमचं भाडं 600 रुपये. गेल्या चैत्रात घरमालकांची चिठ्ठी आली, आता 900 द्या, वर पाणी-सफाईचे 200. यांनी मुकाट्याने पैसे काढलेच होते. मी म्हटलं, थांबा बाप्पा!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं. म्हणजे 600 वर 24 रुपये. (11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर हा हिशेब लागू नाही, करारात लिहिलं तेच.)

पाणी-सफाईचे पैसे महापालिकेचा कर वाढला म्हणून मागत असतील, तर मागच्या आणि यंदाच्या दोन्ही पावत्या मागा. वाढ फक्त त्या फरकाएवढीच. आमच्याकडे फरक वर्षाला 1200 निघाला, बिऱ्हाडं चार. म्हणजे महिन्याला 25. कुठे 200 आणि कुठे 25!

दुरुस्तीचा खर्च सांगितला तर बिलं बघा.

मग हा हिशेब कागदावर लिहून द्या, पोच घ्या. योग्य भाडं मात्र थकवू नका. घेत नसतील तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा. भाड्याची पावती दर महिन्याला मागायचीच, तो आपला हक्क आहे. माझ्या पावत्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत असतात.