नवी इलेक्ट्रिक डर्ट बाइक घेतलीत? या चुका टाळा

"इंजिनच नाही, मग मेंटेनन्स कसला?" गाडी विकताना असं सांगणाऱ्यांना एक रविवार माझ्या पार्किंगमध्ये बसवायला हवं. प्लग गेला, कार्ब्युरेटर गेला, मान्य. पण चेन, चाकाच्या तारा, बेअरिंग, ब्रेक तिथेच आहेत. मोटर तर थांबलेल्या गाडीलाही पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकदीने ओढते. तो सगळा मार यांनाच बसतो. ऑइलही सगळ्यांचं सुटलेलं नाही. सररॉन लाइट बी या मॉडेलमध्ये मोटरपुढे बेल्ट असतो, पण टालारिया स्टिंग या दुसऱ्या मॉडेलमध्ये गिअरबॉक्स आहे आणि त्यात ऑइल असतं. नवे गिअर घासून बारीक चुरा सोडतात, म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलायचं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे चाकाच्या तारांकडे न बघणं. नव्या चाकात तारा पहिल्या काही राइडमध्ये आपल्या जागी बसतात आणि ढिल्या पडतात. आमच्या सोसायटीतला एक मुलगा मुळशीच्या बाजूला गाडी उडवून आला आणि म्हणाला, "दादा, मागून टकटक येतंय, मोटर गेली वाटतं." मोटर ठणठणीत होती. मागच्या चाकाच्या निम्म्या तारा बोटांनी हलत होत्या, एक तुटून शेजारच्या तारेत अडकली होती आणि रिमला हा एवढा आउट, म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे लचकत होतं! दुकानात म्हणे "सगळं टाइट करूनच दिलंय." हा मुलगा राइडच्या आधी गाडीचे फोटो काढतो, पण तारांवर एकदा पाना वाजवून बघत नाही.

मी सुरुवातीला प्रत्येक राइडनंतर छोट्या पान्याने एकेक तार वाजवतो. घट्ट तार टणकन वाजते, ढिली भद्द. ढिली सापडली की पाव फेरा, मग पूर्ण चाक पुन्हा तपासायचं. एकच तार करकचून आवळली तर रिम तिकडे ओढली जाते. आउट जास्त असेल तर हौस बाजूला ठेवा आणि सायकलच्या जुन्या कारागिराकडे जा. त्याचा हात तुमच्या व्हिडिओपेक्षा बरा.

दुसरी चूक वॉशिंग सेंटरची. चिखल दिसला की लोकांना तिथला जोरदार दाबाचा फवारा सुचतो. त्या दाबाचं पाणी सील ओलांडून बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं आणि कनेक्टरमध्ये शिरतं. अशीच धुतलेली एक गाडी दुसऱ्या दिवशी डिस्प्लेवर एरर दाखवत ढकलत आणली होती. थ्रॉटलचा, म्हणजे अॅक्सिलरेटरचा, कनेक्टर उघडला तर आत तांबडं पाणी. तो वाळवून भागलं. पण महिन्याभरात हँडल वळवलं की जात्यात रेती पडल्यासारखी करकर यायला लागली, आणि ते बेअरिंग बदलावंच लागलं. बादली, मऊ ब्रश, साध्या नळाची धार. चिखल वाळलाय? मग आधी भिजू द्या. घाई कसली आहे?

चेन स्टँडवर ताणून बसवू नका. माणूस बसून सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते, म्हणून गाडीवर बसा आणि ढील दुसऱ्याला तपासू द्या. घट्ट चेन बेअरिंग खाते.

आणि चेन पुसताना किल्ली काढा, बॅटरीचा ब्रेकर, म्हणजे मेन स्विच, पाडा. चाक आपोआप फिरावं म्हणून थ्रॉटल देत फडकं धरणारे मी पाहिलेत. ही गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. फडकं आत गेलं की बोट त्याच्या मागोमाग जातं. या शॉर्टकटला माझ्याकडे माफी नाही.

बाकीचं थोडक्यात. एक्सल आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट पहिल्या राइडनंतर टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, तपासा, अंदाजाने नको. चेनचा स्प्रे ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका. ब्रेक हळूहळू दाबत नवे पॅड डिस्कवर नीट बसू द्या, मगच उतार गाठा. टायरची हवा दुकानात भरली तशीच ठेवू नका.

राइडवरून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी काढून साधारण निम्म्या चार्जवर घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज किती उरलाय ते बघा. फुल करून ठेवली की सेल लवकर म्हातारे होतात.