कोंबड्यांनी उकरलेला भेंडीचा वाफा

होळी झाली की आम्ही परसात उन्हाळी भाजी लावतो. भेंडी, गवार, चवळी. यंदा भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोकलं, सहाव्या दिवशी कोंब वर आले आणि सातव्या दिवशी आमच्या पाच गावठी कोंबड्यांनी अख्खा वाफा उकरून टाकला. जीव हळहळला.

आधी कुंपणाला जाळी लावली, तर एक तलंग वरून उडून आत! दोन दिवस नुसतं बघत बसलो तेव्हा कळलं, त्यांना रोपं नकोच होती. कडक उन्हात रोज शिंपलेली तेवढीच जागा मऊ, गार होती, किडेही तिथेच. मग आंब्याच्या सावलीत दोन हात लांबीचा खड्डा केला, त्यात कोरडी माती आणि चुलीतली थंड राख टाकली. आता मातीत लोळणं तिथेच चालतं. दुसऱ्यांदा टोकलेल्या बियांवर करवंदीच्या काटेरी फांद्या अंथरल्या, रोपं वीतभर होईपर्यंत.

खुराड्यातली ताजी विष्ठा मात्र मुळाशी घालू नका, रोपं करपतात. मी ती पालापाचोळ्यात कुजायला घातली आहे, पावसाळी भाजीसाठी. कोंबड्या संध्याकाळी तासभर मोकळ्या सोडतो. कालच भेंडीला पहिलं पिवळं फूल आलं.