जुन्या रशियन लेन्सवरचा नंबर कसा वाचायचा

२०१९ च्या पुरानंतर सांगलीच्या गणपती पेठेतल्या माझ्या टेबलावर जुन्या कॅमेऱ्यांचा ढीगच लागला होता. कुणाच्या आजोबांची झोर्की, कुणाची झेनिट, कपाटाच्या खालच्या खणात बुडालेली. "साफ करून द्या" म्हणणारा माणूस जाता जाता हळूच विचारणारच, "नंबर जरा वेगळाच आहे, किंमत येईल का हो?"

आधी नंबर नीट दिसला पाहिजे. कोरलेल्या आकड्यांतला रंग गेला असेल तर खडूची पूड बोटानं चोळा आणि सुती फडक्यानं हलकेच वरवर पुसा. पूड खाचेत राहते, आकडा उठून दिसतो. काचेला मात्र खडू लागू देऊ नका, चरे पडतात.

आता पहिले दोन आकडे बघा. बहुतेक वेळा ते सालाचे असतात. ७७ नं सुरुवात झाली की लेन्स १९७७ ची. पण सुरुवातीला शून्य आलं की लोक हुरळतात. त्यात नवल काही नाही. रशियातल्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याच्या जुन्या चंदेरी हेलिओस-४४ लेन्सवर शून्यानं सुरू होणारे नंबर सर्रास सापडतात. तिथं साल शोधायचंच नाही, लेन्सचं अंग बघायचं. चंदेरी अंग आणि आतलं छिद्र लहानमोठं करणारी १३ पाती असतील तर ती सुरुवातीची. काळी हेलिओस-४४-२ असेल तर पाती ८, आणि ती नंतरची. टॉर्च तिरपा धरून पाती मोजा, मी अजूनही काडीनं मोजतो.

मी स्वतः एकदा सपशेल फसलो. काळ्या ज्युपिटर-८ लेन्सवर ५६ नं सुरू होणारा नंबर होता. विकणारा म्हणाला, १९५६ चा खास काळा माल. मी पैसे मोजले. घरी येऊन बघतो तर पुढच्या काचेभोवतीची, नाव-नंबर कोरलेली चकती चंदेरी, अंग काळं. पन्नाशीतल्या ज्युपिटर-८ चंदेरीच असायच्या. कुणीतरी जुनी चकती काळ्या अंगावर बसवली होती.

ही चकती काढणं सोपं आहे, म्हणून तर असं होतं. बाटलीच्या बुचाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, चकतीवर हलकेच दाबा, डावीकडे फिरवा. आटे मऊ सुटले आणि आत ताजे ओरखडे दिसले, तर कुणीतरी आधी हात घातलाय. नंबर चकतीचा असतो, आतल्या काचांचा नाही. अडली तर जोर लावू नका, बारीक स्क्रू आहे का ते बघा.

कारखान्याची खूणही जुळवा. क्रास्नोगोर्स्कची खूण म्हणजे लोलकातून वळणारा किरण. मीर-१ लेन्सवर ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनातलं बक्षीस कोरलेलं असतं. ते त्या लेन्सच्या नमुन्याचं बक्षीस, तुमच्या हातातल्या नगाचं नव्हे, आणि उत्पादनाचं सालही नव्हे. याच्यावरून माझं दोनदा भांडण झालंय.

घेण्याआधी लेन्सचे मागचे, कॅमेऱ्यावर बसणारे आटे कुठल्या कॅमेऱ्याचे ते विचारा. झोर्की आणि जुनी झेनिट, दोन्हींचे ३९ मिमीच, पण आट्यांपासून फिल्मपर्यंतचं अंतर झोर्कीचं २८.८ आणि झेनिटचं ४५.२ मिमी. झोर्कीची लेन्स झेनिटवर चढते छान, पण हातभरापलीकडचं सगळं धूसर. मग गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, "लेन्स बिघडली" म्हणून.