युद्धाच्या आठवणी रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

म्हाताऱ्या सैनिकाला त्याच्याच घरात बसून इतिहास शिकवू नका. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आधी तिचंच सांगतो.

खडकीला बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेल्या सुभेदारसाहेबांकडे गेलो होतो. सोबत एक हुशार विद्यार्थी, सगळं वाचून आलेला. साहेब म्हणाले, "आमची लढाई काय सोळा डिसेंबरला संपली नाही." पोरगा लगेच, "नाही आजोबा, 16 डिसेंबर 1971 लाच संपली." साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "मग तुम्हाला ठाऊकच आहे की. चहा घ्या." पुढचा तासभर नुसतं हो आणि नाही.

16 ला ढाक्यात शरणागती झाली. पश्चिम आघाडीवर शस्त्रसंधी 17 तारखेला रात्री 8 वाजता लागू झाली, आणि साहेब पश्चिमेला होते. शिवाय सॅपरचं काम सुरुंगांशी. सुरुंगांना शस्त्रसंधी कोण कळवणार? युद्धानंतर शेतांतून ते वेचण्याबद्दलच साहेब सांगणार होते. पुन्हा एकटा गेलो, पण निम्मंच हाती लागलं.

समोरचा खरोखर चुकत असला तरी मी तोंड उघडत नाही. घरी येऊन तपासतो, वहीत तफावत टिपतो. साल हवंच असेल तर "पानशेत फुटलं तेव्हा कुठे होतात?" असं विचारतो. ते 12 जुलै 1961. चीनचं युद्ध त्याच्या पुढच्या वर्षी. कोयनेचा भूकंप 1967 चा, दुष्काळ 72 चा. एवढ्या खुंट्या पुरतात.

"सगळ्यात भयानक प्रसंग सांगा" हा पहिला प्रश्न नको. भरतीला कोणाबरोबर गेलात, इथून सुरू करा. घाई असेल तर येऊच नका.

ते गप्प झाले की तुम्हीही गप्प. मी मनात वीस आकडे मोजतो.

पंखा बंद, कुकर उतरलेला, फोन विमान मोडवर. मूळ फाइल वेव्हमध्ये (WAV, आवाज न दाबता साठवणारा प्रकार), प्रती तीन, एक दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणजे जपली, असं समजणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. परवानगी लेखी घ्या. आणि लिहून काढताना त्यांचं पलटणीतलं हिंदीमिश्रित मराठी 'शुद्ध' करू नका, हात जोडतो.

आणखी एक, ही माझी स्वतःची चूक. वानवडीत एका काकांची मुलाखत संपली, यंत्र पिशवीत गेलं. चहाचे कप उचलता उचलता काकू म्हणाल्या, "पत्त्यावर नुसतं 56 एपीओ, लष्करी टपालाचा आकडा. हे कुठे आहेत ते मला काय कळणार? तार आली की आधी तारवाल्याचं तोंड बघायचे मी." दोन तास त्या आत-बाहेर करत होत्या आणि मी त्यांना फक्त पाणी मागितलं होतं.

आता खुर्ची त्यांच्यासाठीही मांडायला सांगतो, आणि यंत्र जिना उतरल्यावर बंद करतो. तसं आधीच सांगून ठेवतो.