‘गडीमाणसाचं काम’ मुळात कुठून आलं? आपल्याच घरात तपासायची रीत

गडीमाणसानं, म्हणजे पुरुषानं, कुठलं काम करावं आणि कुठलं करू नये, याबद्दल घरात ऐकलेल्या एका वाक्यापासून सुरुवात करा. उदाहरणार्थ, ‘आमच्यात गडीमाणसं चुलीपुढं बसत नाहीत.’ वहीत ते जसंच्या तसं उतरवा. खाली लिहा: कोण म्हणालं, त्यांचा जन्म साधारण कधीचा, गाव कोणतं, घर शेतीवर चालायचं की पगारावर. ‘पूर्वीपासून असंच’ हे उत्तर घेऊ नका. ते पूर्वी बहुतेकदा आजोबांच्या तरुणपणापाशीच संपतं.

आता ते वाक्य कुठं खोटं पडतं ते शोधा. वरचं वाक्य तालमीत खोटं पडतं. तालमीत राहणारी पोरं पाळीपाळीनं स्वयंपाक करतात, झाडलोट करतात, थंडाईचे बदाम कुंडीत तासभर घोटतात, कुस्तीच्या हौदातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती खालीवर करतात. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तोच मल्ल सणाला घरी गेला की ताटावर बसून पाणी मागतो. म्हणजे अडचण कामाची नव्हे; कुठल्या जागी, कुणाच्या देखत आणि कुणासाठी करायचं, याची आहे.

पुढचा टप्पा मुलाखतींचा. तीन पिढ्यांतला प्रत्येकी किमान एक पुरुष आणि एक बाई घ्या, दोघांना वेगवेगळं बसवा. समोर आजोबा असले की आजी ‘सगळं ह्यांनीच केलं’ म्हणून मोकळी होते. ‘पुरुषानं कसं असावं?’ असं विचारलं तर भाषण ऐकायला मिळतं. त्याऐवजी सुगीतला एक दिवस पहाटेपासून निजेपर्यंत सांगायला लावा: धार कुणी काढली, भांगलण (तण काढणं) कुणी केली, डेअरीचं बिल कुणाच्या हातात आलं? शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ थांबा. राबणारे हात आणि पैसे घेणारे हात वेगळे निघतात ते तिथंच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज भागातल्या घरांनी मुंबईच्या गिरण्यांबद्दल जरूर विचारावं. पुरुष तिथं गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामाईक खोलीत दाटीवाटीनं राहून मनीऑर्डर पाठवायचे, गावाकडं शेत, गुरं आणि म्हातारी माणसं बाया सांभाळायच्या. ‘बाप कमावतो, आई घर बघते’ ही कल्पना पगारानं पक्की केली. पिकावरच्या घरात सगळेच कमावते होते. १९८२च्या गिरणी संपानंतर परतलेल्यांचा पगार गेला, पण कर्तेपणाची अपेक्षा तशीच राहिली. आज नोकरीअभावी लग्न अडलेल्या पोराची घुसमट समजून घ्यायची तर हा धागा सोडू नका.

कागदही काढा. सातबाऱ्यावरचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) क्रमांक टिपून जुने फेरफार मागवा आणि बहिणींची नावं कधी लागली, कधी कमी झाली ते तारखेसह लिहा. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायकाचा, म्हणजे मुलासारखा जन्मानं मिळणारा वाट्याचा हक्क १९९४ला आला, देशभर २००५ला. त्यानंतरही हक्कसोडपत्र (बहिणीनं आपला वाटा सोडल्याचा कागद) झालं असेल तर सही घेताना काय बोलणं झालं, हे आत्याला विचारा. बोलायची तिची इच्छा नसेल तर विषय तिथंच थांबवा.

इतिहास वापरताना दोन चुका हमखास होतात. पहिली, ताराराणींचं नाव घेऊन ‘आपल्याकडं बायका स्वतंत्रच होत्या’ म्हणणं. १७०० ते १७०७ त्यांनी औरंगजेबाविरुद्ध राज्य लढवलं हे खरं, पण त्यावरून सामान्य घरातल्या बाईचा दिवस कळत नाही. शिवाय घरंदाज मराठा वाड्यांत घोषा (पडदा) होता, तर रानात राबणाऱ्या बाईला तो परवडणारा नव्हता. म्हणून जात आणि जमीन नोंदवल्याशिवाय ‘मराठी पुरुष’ असा निष्कर्ष काढू नका. दुसरी चूक, कायदा झाला म्हणजे वागणं बदललं असं धरणं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ला विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ला स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला. करावा लागला, म्हणजे छळ होत होता. आणि ज्या राजानं कोल्हापुरात खासबाग हे कुस्तीचं मैदान उभारलं, त्यानंच हा कायदा केला. ताकदीचा शौक आणि बाईवर हात न उचलणं एकत्र नांदू शकतं, हे पोरांना सांगायला याहून जवळचा दाखला नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या घरात त्यानंतर झालेल्या प्रत्येक मयतीची वहीत एक ओळ करा: बांगड्या फोडल्या का, आणि नको म्हणायला कुठला पुरुष पुढं आला.